विमलचं साडेपस्तीस

दिवाळी होऊन तुळशीची लग्नंही लागून गेली होती. सकाळी मी साताऱ्याच्या घरी शब्दकोडं सोडवत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. स्वातीचं नाव दिसलं आणि उचलायच्या आधीच कळलं... तरी उचलला. "मावशी, आई गेली," ती म्हणाली. सिलिंडर आला असं सांगावं तसा आवाज. "पहाटे गेली. तू धावपळ करू नकोस, थंडी आहे." मी धावपळ केलीच. कऱ्हाडला गाडी बदलून सांगलीला पोचले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच शब्द बोलत होता, "सुटली." कोण सुटलं हे कुणी म्हणत नव्हतं. स्वाती आतल्या खोलीत आईच्या उशाशी बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी जवळ बसले तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "चहा घेतलास का?"

विमल माने माझी मैत्रीण. कडेगावच्या ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि मी मराठी. शिक्षकखोलीत आमची टेबलं शेजारीशेजारी होती, ती आम्ही दोघी निवृत्त होईपर्यंत हलली नाहीत. तिचं माहेर म्हसवडजवळच्या एका वाडीतलं, नवरा फौजेत सुभेदार. तो वर्षातून रजेपुरता घरी यायचा, त्यामुळे स्वातीला तिनं जवळजवळ एकटीनंच वाढवलं. निवृत्तीनंतर नवराबायकोंनी सांगलीत घर बांधलं. पुढं सुभेदारसाहेब गेले, मग विमल त्या घरात एकटीच राहायची आणि स्वाती पुण्यात नोकरी करायची. आमचं फोनवर बोलणं चालायचं. माझ्या कवितेच्या वेडाची ती टिंगल करायची आणि मी तिच्या सूत्रांची. एकमेकींना नावं ठेवल्याशिवाय आमचा फोन बंद होत नसे.

तिची एक सवय आधी सांगते, कारण तिच्याशिवाय विमल डोळ्यांपुढं येणारच नाही. हातात येईल ती वस्तू ती तोलून बघायची. बाजारात वांगी, वर्गात खडू, लग्नात आलेला पेढा... सगळं तळहातावर. आणि एका हातावर कधीच नाही. डाव्या हातात एक, उजव्या हातात दुसरं, दोन्ही हात किंचित वर-खाली करायची आणि मग एक तोंडात टाकायची. मी म्हणायचे, "अगं, खायचा पेढा, विकायचा नाही." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असे, "एका हातात वजन कळत न्हाई शैला. दुसऱ्या हातात कायतरी लागतंच." मला तेव्हा हा नुसता चाळा वाटायचा.

त्या चाळ्याच्या मागं तिचं सगळं शास्त्र होतं, हे मला एका मोकळ्या तासाला कळलं. प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल आली म्हणून मूलद्रव्यांचा मोठा तक्ता शिक्षकखोलीत आणून टांगला होता, नेमका माझ्या टेबलासमोर. पेपर तपासून डोळे शिणले की मी तो वाचत बसायचे. एक दिवस क्लोरीनच्या चौकोनात वजन दिसलं, ३५.५. मी म्हटलं, "विमल, तुम्हा लोकांचा अणू म्हणे फोडल्याशिवाय फुटत नाही. मग हा अर्धा कुठून आला? मला अर्धं अक्षर ठाऊक आहे, अर्धा प्रोटॉन कधी ऐकला नाही." ती खुर्ची सरकवून माझ्याकडं वळली. तिला कुणी प्रश्न विचारला की तिचा चेहरा उजळायचा, मग विचारणारा कितीही ढ असो. "तुला खरंच कळून घ्यायचंय का टाइमपास करतीयास?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

मग तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, चूक असली तर ती माझी. क्लोरीनच्या कुठल्याही अणूत प्रोटॉन सतराच असतात. तेवढ्यावरून त्याचं नाव ठरतं आणि त्याचा स्वभावही. पण आत न्यूट्रॉनही असतात, ते एखाद्यात अठरा तर एखाद्यात वीस. न्यूट्रॉन कुणाशी जोडी जमवत नाहीत की भांडण काढत नाहीत, नुसतं वजन वाढवतात. म्हणून एक क्लोरीन पस्तीस वजनाचा आणि दुसरा सदतीस वजनाचा. दोघेही क्लोरीनच, वागायला सारखेच. "मग तक्त्यात एकच आकडा लिहायचा तर कुठला लिहशील?" तिनं विचारलं. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं, "मधला. छत्तीस." विमल इतकी हसली की शेजारच्या इतिहासाच्या सरांनी वर्तमानपत्र खाली केलं. "सगळी पोरं हेच सांगत्यात! दरसाल! माझा आणि ह्या छत्तीसचा छत्तीसचा आकडा हाय बघ."

हसून झाल्यावर ती एकदम गंभीर झाली. तिचं असंच असायचं. म्हणाली, "तू साताऱ्याची. पेपरात येतंय बघ, जिल्ह्यात सरासरी इतका इतका पाऊस. महाबळेश्वरात धो धो पडतोय आणि आमच्या म्हसवडला मातीसुद्धा भिजत न्हाई. दोन्ही मिळवायचं, दोननं भागायचं, झाली सरासरी. तेवढा पाऊस जिल्ह्यातल्या कुठल्या गावात पडला, दाखव मला. आमचं आप्पा पेपर मोठ्यानं वाचायचं, पाऊस समाधानकारक. मग पेपर घडी घालून म्हणायचं, बघा रं जरा, समाधान कुठं पडलंय ते. आन् आमी घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेलो." मग म्हणाली, "म्हणून मला ही नुसती दोननं भागायची सरासरी आवडत न्हाई. कोण किती हाय ते आधी बघायचं. मुलूख केवढा कोरडा आन् केवढा ओला. क्लोरीनमध्ये पस्तीसवाले तीन असतील तवा सदतीसवाला एक सापडतो. पस्तीस तीनदा घे, सदतीस एकदा. बेरीज एकशे बेचाळीस. चार जणांत वाट." मी कागदावर भागाकार केला. साडेपस्तीस. "अगदी काटेकोर म्हणशील तर पस्तीस पॉइंट चार पाच," ती म्हणाली, "पन आपल्या पोटापुरतं साडेपस्तीस बास." आणि मग, जरा आवाज उतरवून, "साडेपस्तीस वजनाचा एकबी अणू ह्या जगात न्हाई शैला. तरी क्लोरीनचं खरं वजन तेच."

मी विचारलं, "पण हे पस्तीस तरी कुणी मोजलं? अणू काय तराजूत घातला?" ती म्हणाली, तसं नाही, कार्बनचा एक ठरावीक अणू बारा धरायचा आणि त्याच्या बाराव्या भागाशी बाकीच्यांना ताडून बघायचं. "म्हणजे इथंही दुसऱ्या हातात काहीतरी लागतंच," मी म्हटलं. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही बोलण्याला तिच्याकडून मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

आता लाडवांची गोष्ट. कडेगावात शिकून गेलेला कुणीही मुलगा अजून भेटला तर मानेबाईंच्या लाडवांबद्दल बोलतो. ते सुरू कसे झाले हे मात्र त्यातल्या कुणाला ठाऊक नाही. स्वाती अकरावीत आईच्याच वर्गात होती. चाचणीत तिनंही छत्तीस लिहिलं. बाकीची पोरं चुकली त्याचं काही नाही, पण बाईंची पोरगी चुकली म्हणून वर्गात खसखस पिकली आणि स्वाती घरी येऊन जेवेना. तिला समजत नव्हतं आणि समजत नाही हे आईला सांगायची लाजही वाटत होती. संक्रांत तोंडावर आली होती. मी तीळ भाजायला मदत करायला म्हणून त्यांच्या घरी गेले होते. विमलनं स्वातीला परातीपुढं बसवलं. एकाच मापाचे लाडू वळायला लावले, आणि दर चौथ्या लाडवाच्या पोटात सुपारीएवढा गुळाचा खडा दडवला. वरून सगळे सारखे. मग स्वातीच्या दोन्ही तळहातांवर एकेक लाडू ठेवून म्हणाली, "डोळं मीट. सांग, कुठल्यात खडा हाय?" स्वाती चुकली, पुन्हा तोलून बघितलं, मग अचूक सांगायला लागली. विमल म्हणाली, "आता साधा लाडू पस्तीस धर, खड्याचा सदतीस. आख्ख्या परातीचं वजन लाडवांवर सारखं वाट. कितीचा पडंल एक?" स्वातीनं मनात हिशेब केला. डोळे अजून मिटलेलेच होते. आणि एकदम म्हणाली, "आई, म्हणजे उत्तर पस्तीसच्या जवळ सरकणार! कारण पस्तीसवाले जास्त आहेत!" विमलनं तिच्या तोंडात खड्याचा लाडू कोंबला. मायलेकींच्या गालांना तीळ चिकटले होते... ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

पुढच्या संक्रांतीपासून ते लाडू वर्गात गेले. लाडवांची संख्या आणि दोन्ही प्रकारच्या एकेका लाडवाचं वजन फळ्यावर लिहून झाकलेलं ताट प्रयोगशाळेच्या काट्यावर ठेवायचं, एकूण वजनावरून एका लाडवाची सरासरी काढायची, आणि मग झाकण न उघडता सांगायचं की ताटात खड्याचे लाडू किती असतील. सांगून झालं की वाटप. जड लाडू आपल्याला मिळावा म्हणून पोरं दोन्ही हातांत लाडू धरून अशी काही तोलायची की एखाद्या सोनारानं बघत बसावं. एके वर्षी मी हौसेनं लाडू वळायला गेले आणि प्रयोगाचं पार वाटोळं झालं. एक लाडू लिंबाएवढा, दुसरा आवळ्याएवढा. वर्गातून एक पोरगा ओरडला, "बाई, ह्यो लय जड हाय, पन खडा न्हाई गावला ह्यात!" विमलनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट दाखवलं. "त्यो शैलाबाईंच्या हातचा हाय रं. त्यांचा एकेक लाडू म्हंजी येगळंच मूलद्रव्य." आख्खा वर्ग हसला. मीही हसले, दुसरं काय करणार होते?

हे सगळं मी इतक्या तपशिलानं लिहिते आहे, कारण मधली गोष्ट मला लिहायला जड जाते आहे. दोन वर्षांपूर्वी विमलच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय वाचले, पण विमल बदलली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मेंदूचा जो भाग दुखावला आहे त्यानं स्वभावात फरक पडेल. फरक हा फार सौम्य शब्द झाला. स्वाती पुण्यातली नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली, आणि विमलचा सगळा राग तिच्यावरच निघायला लागला. ही माझ्या जेवणात काहीतरी कालवते, म्हणायची. ताट भिरकावून द्यायची. शेजारणींना खिडकीतून हाक मारून सांगायची, ही बाई मला कोंडून ठेवते. स्वाती वेणी घालायला बसली की तिचे हात ओरबाडायची. मी महिन्या-दीड महिन्यानं जायचे तेव्हा मला ओळखायची, माझ्याशी नीट बोलायची, आणि तेच स्वातीला जास्त लागायचं असणार.

आमची शेवटची भेट दसऱ्याच्या आसपासची. मी बर्फी नेली होती. विमल खाटेवर बसली होती, केस अगदी कातरलेले, कारण वेणी घालू देत नव्हती. स्वाती बशी घेऊन आली. विमलनं तिच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाली, "शैला, ह्या बाईला घालव इथनं. पोरगी म्हणवून घेती. माझी पोरगी अशी नव्हती." स्वाती तिथंच उभी होती, बशी हातात धरून. मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, पण त्याचा काही उपयोग झाला नाही एवढं आठवतं. मग विमलनं बशीतल्या बर्फीचा एक तुकडा डाव्या हातावर घेतला, एक उजव्या हातावर. हात किंचित वर-खाली केले. आणि उजवा तुकडा तोंडात टाकला. त्या वेळी मात्र मला रडू आवरलं नाही.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावरून परत आल्यावर सगळ्या बायका सोप्यात बसल्या होत्या. विमलची नणंद, कमळाआक्का, म्हसवडहून आली होती. बाई प्रेमळ, मनात कपट नाही, पण तोंडाला झाकणही नाही. कुणीतरी विमलच्या शेवटच्या दिवसांचा विषय काढला तशी ती म्हणाली, "आवं, आजारपनात मानसाचा खरा सोभाव भाईर येतो. इतकी वर्सं दाबून धरला हुता तिनं. शिकल्याली बाई, चारचौघांत बोलत नव्हती, येवढंच." स्वाती दाराशी पाण्याचे पेले गोळा करत होती. तिनं ते ऐकलं. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला आक्काचा इतका संताप आला की मी उठून अंगणात गेले. भांडले असते, पण दहाव्याच्या दिवशी भांडण नको म्हणून गप्प बसले.

त्यानंतर स्वातीनं घर आवरायला काढलं. फोनवर सांगायची, आज कपडे देऊन टाकले, आज खाट देऊन टाकली. फोटो लावलास का विचारलं, तर म्हणाली, "बघू." मग कडेगावच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मला फोन आला. त्यांना कॉलेजातच बाईंसाठी एक छोटी सभा घ्यायची होती, आणि स्वातीनं दोन शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा होती. स्वातीनं त्यांना सरळ नकार दिला होता. फोन करणारा मुलगा, आता तोही फौजेतून परतलेला मोठा माणूस आहे, मला म्हणाला, "बाई, तुमी सांगा की ताईला. आमाला मानेबाई ठाऊक हाईत, पर घरातल्या मानेबाई तीच सांगनार न्हवं?" मी त्याला बघते म्हटलं. घरातल्या मानेबाई कशा होत्या हे त्याला कसं सांगायचं, मला कळेना.

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं असतं तिथं सण करत नाहीत, तीळगूळही वळत नाहीत. पण दुसऱ्यानं आपल्या घरून न्यायला आडकाठी नसते, म्हणून मी डबा भरून नेला. माझ्या हातचे लाडू, दर चौथ्याच्या पोटात खडाही घातला होता; आकाराबद्दल मात्र काही विचारू नका. घर रिकामं वाटत होतं. भिंतीवर सुभेदारसाहेबांचा फोटो होता आणि शेजारी नुसता खिळा. स्वातीनं चहा केला. मी डबा टेबलावर ठेवला, तो तिनं उघडला नाही. मी सभेचा विषय काढला. जाताना गाडीत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, चांगली वाक्यंसुद्धा तयार केली होती. तिनं पहिलंच वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"मी काय बोलू तिथं?" ती म्हणाली. "ते लोक म्हणतील बाई किती मायाळू, बाई किती हसऱ्या. आणि मी उभी राहून मान डोलावू? माझ्या डोळ्यांपुढं काय येतं सांगू? मी आईचा विचार केला की पहिल्यांदा ते ताट येतं. भिंतीवर आपटलेलं. मग तिचा आवाज येतो, ही माझी पोरगी नव्हे म्हणून. त्याच्या मागचं काही येतच नाही मावशी. मी खूप प्रयत्न करते..." ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "आणि आत्या म्हणाली ते खरं असलं तर? आजारपणात खरी आई बाहेर आली असली तर? आधीची सगळी माया म्हणजे नुसतं दाबून ठेवणं असलं तर?" हा प्रश्न ती दहाव्यापासून एकटी घेऊन बसली होती. आवाज कोरडा होता, पण टेबलाची कड तिनं घट्ट धरली होती.

माझी तयार वाक्यं कुठल्या कुठं गेली. मी नुसतीच म्हणाले, "छत्तीस."

"काय?"

"तुझं उत्तर छत्तीस आलंय. तेही नाही... तू सरळ सदतीसच लिहिलंयस. मोजायला एकच अणू घेतलास."

स्वाती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ही रागावणार, आणि रागावली असती तर ते बरोबरच होतं, एवढ्या मोठ्या दुःखापुढं मी असलं पाठ्यपुस्तकातलं बोलत होते. पण ती म्हणाली, "हे आईचं वाक्य आहे. वर्गात कुणी सदतीस लिहिलं की ती हेच म्हणायची."

"हो. मी ढापलंय. मला दुसरं रसायनशास्त्र येत नाही."

बाहेर रस्त्यावर पोरं पतंगावरून भांडत होती. मग ती म्हणाली, "पण मावशी, ती दोन वर्षं वजा नाही करता येत. सगळे म्हणतात विसर, आजार होता तो, ती तुझी आई नव्हतीच. मला तेही पटत नाही. माझे हात ओरबाडले ते तिनंच. मीच तिला भरवत होते ना? ती आईच होती."

"वजा कर असं कोण म्हणतंय?" मी म्हटलं. "वजा केलीस तर पस्तीस येईल. तेही चूकच. जड दिवस होतेच, आणि तुझ्या वाट्याला सगळ्यांत जास्त आले. मी काय, बर्फी घेऊन यायचे आणि परत जायचे. पण तुझ्या आईनं काय शिकवलं होतं? जड किती आहे हे बघायचंच, पण ते किती वेळा आलं हेही बघायचं. म्हसवडच्या बाईची पोरगी तू, असली सरासरी काढतेस?"

तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही. ती भिंतीवरच्या त्या रिकाम्या खिळ्याकडं बघत होती. मग अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाली, "साडेपस्तीस." आणि पहिल्यांदा रडली. फोन आला त्या सकाळपासून मी ज्याची वाट बघत होते ते रडणं मोठ्यानं आलं, नाक पुसत, उचक्या देत. मी तिला जवळ घेतलं नाही, कारण ती विमलचीच मुलगी, तिला रडताना कुणी धरलेलं आवडत नाही. मी नुसती समोर बसून राहिले.

शांत झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि परत येऊन बसली. म्हणाली, "ते लाडू पहिल्यांदा माझ्यासाठी केले होते. त्या कडेगावच्या लोकांना वाटतं वर्गासाठी." मी म्हटलं, "तीळ भाजायला मी होते तिथं." "हो, आणि करपवलेस," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "कधी आहे ती सभा?" मी तारीख सांगितली. मी पुढं काही विचारलं नाही.

आज हे लिहिताना विमलच्या कितीतरी गोष्टी आठवताहेत. तिचा खडूनं पांढरा झालेला पदर, एसटीत खिडकीसाठी माझ्याशी केलेली भांडणं, फौजेतून आलेलं पत्र मोठ्यानं वाचताना मधेच आवाज बंद करून ओठ हलवणं... आणि दसऱ्याची ती खाटही आठवते, ती मी यादीतून काढणार नाही. माझ्या शेजारचं टेबल आता रिकामं आहे असं लिहिणार होते, पण ते कॉलेज सुटूनही वर्षं झाली. रिकामा आहे तो फोन. नावं ठेवायला कुणी उरलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

त्या दिवशी निघायच्या आधी स्वातीनं डबा उघडला. आत बघून म्हणाली, "मावशी, हे काय, एक लिंबू आणि एक आवळा?" मी म्हटलं, "माझा एकेक लाडू म्हणजे वेगळं मूलद्रव्य, तुझ्या आईनं वर्गात जाहीर केलंय." तिनं हुडकून हुडकून त्यातल्या त्यात सारखे दोन निवडले. एक डाव्या हातावर ठेवला, एक उजव्या. डोळे मिटले. दोन्ही हात किंचित वर-खाली झाले... तसेच, अगदी तसेच.

"हा जड आहे," ती उजव्या हाताकडं मान झुकवून म्हणाली.

मला वाटलं ती तो परत ठेवेल. तिनं डावा परत ठेवला आणि जड लाडू दातांत धरला. आतला गुळाचा खडा कडकन फुटलेला मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला.